माणशी किती?

मराठी माणसाने प्रवासशास्त्राला दिलेली देणगी दोनच शब्दांची आहे : "माणशी किती?" काश्मीर असो की कन्याकुमारी, लॉजच्या गल्ल्यापाशी पोचल्यावर त्याच्या तोंडून पहिले शब्द हेच निघतात. खोलीला खिडकी आहे का, खिडकीला काच आहे का, काचेतून समुद्र दिसतो की शेजारच्या हॉटेलचं मुदपाकघर, या सगळ्या चौकशा नंतरच्या. या प्रश्नातला 'किती' सोपा आहे. त्यात घासाघीस करता येते. खरी गोम आहे ती 'माणशी'त. माणूस म्हणायचं कुणाला? दहा वर्षांचं पोर पूर्ण माणूस, की अर्धा? रात्री नुसतं ताक पिऊन झोपणारी आजी पुरती एक माणूस कशी? तत्त्वज्ञांनी आत्म्याचा निकाल लावला, पण एक्स्ट्रा गादीचा लावला नाही. तो लॉजवाल्यांवर सोडला.

हा विचार करण्याचं कारण म्हणजे सुटी. सुटी जवळ आली की आमच्या घरी गोलमेज परिषद भरते. या वेळी पक्ष दोन होते. चिरंजीव आणि कन्या यांना इमॅजिका हवं होतं. २०१३ साली खोपोलीजवळ हे थीम पार्क निघालं, आणि माणसाला उलटं टांगून, गरागरा फिरवून, वर त्याचेच पैसे घ्यायची कला रायगड जिल्ह्यात आली. दुसरा पक्ष आईचा. तिला दिवेआगरचा गणपती बघायचा होता. गंमत अशी, की दोन्ही ठिकाणं एकाच जिल्ह्यातली. एक घाटाच्या पायथ्याला, दुसरं समुद्राच्या काठाला. आमची सौ. तटस्थ होती, म्हणजे दोन्ही पक्ष तिला घाबरून होते. शिवाय आमचे मेहुणे, त्यांची बायको आणि त्यांचं दीड वर्षाचं बाळ. एकूण आठ. मेहुणे हिशेबखात्यात आहेत. ते आकाशातल्या चांदण्यांकडेही बेरीज करण्याच्या नजरेनेच बघतात. त्यांनी कागद घेतला आणि सर्वांत वर लिहिलं : मुक्काम.

आणि तेच खरं आहे. सहलीत बाकी सगळं एकदाच द्यावं लागतं. पार्काचं तिकीट एकदा, गाडीभाडं जाऊन-येऊन दोनदा. मुक्काम मात्र रात्र पडली की देणेकऱ्यासारखा दारात उभा.

आता इतिहास बघा. आमचे पूर्वज प्रवास करत नव्हते असं नाही. नुसत्या पेण तालुक्यातलं उदाहरण घ्या. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांना बरोबर घेऊन उत्तरेकडे निघाले. घरात कर्ज झालं होतं, आणि बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, असा हिशेब होता. दक्षिणेऐवजी बंडाची धामधूम नशिबी आली, झाशीचा वेढा आतून बघावा लागला, आणि त्यातूनच पुढे 'माझा प्रवास' हे पुस्तक झालं. १९०७ साली ते छापून निघालं. पुस्तक थोरच आहे. पण सहलीच्या दृष्टीने वाचलं तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. निघाले ते दोन पुरुष. बायकामुलं वरसईला. दोन पुरुषांना रात्र काढायला काय लागतं? देऊळ, ओटा, नदीचा घाट, फार तर एखाद्या ओळखीच्याची ओसरी. "आठजण आहोत, बाळाला गरम पाणी लागतं आणि आईला जिना चढवत नाही," असं सांगायची वेळ गोडसे भटजींवर आलीच नाही. आली असती, तर पुस्तक पहिल्या मुक्कामालाच संपलं असतं.

बायकामुलांसकट निघायचं ते यात्रेला. त्यासाठी धर्मशाळा होत्या. अहिल्याबाई होळकरांनी हिंदुस्थानभर बांधलेले घाट, विहिरी आणि धर्मशाळा प्रसिद्धच आहेत. धर्मशाळेत भाड्याचा प्रश्न नसे, त्यामुळे माणसं मोजायचं कारण नसे. मोजायचे ते दिवस. तीन दिवस झाले की पथारी उचला. पण या क्षेत्रांच्या गावी दुसरी एक सोय होती, आणि आमच्या मते आजच्या सगळ्या होम-स्टेचं मूळ तिच्यात आहे. ती म्हणजे क्षेत्रोपाध्याय. नाशिकला, त्र्यंबकेश्वरला उतरलं की उपाध्ये विचारणार : आडनाव काय, मूळ गाव कुठलं? मग लाल कापडात बांधलेली वही निघणार, आणि त्या नामावळीत तुमच्या पणजोबांची सही सापडणार. सही सापडली की तुम्ही गिऱ्हाईक राहत नाही, यजमान होता. उतरायला त्यांचंच घर, जेवायला त्यांच्याच घरची पंगत. आणि दर? दर नाही. दक्षिणा. म्हणजे यथाशक्ति; आणि यजमानाची शक्ती किती, हे उपाध्यायांना यजमानापेक्षा अधिक ठाऊक.

पुढे आगगाडी आली, गिरण्या आल्या आणि आमच्या कोकणातला पुरुष मुंबईला गेला. श्रीवर्धन, म्हसळा, बोर्ली हा मुलूख तेव्हा जंजिऱ्याच्या नवाबाचा, १९४८पर्यंत होता. मुंबईत चाकरमान्याची सोय म्हणजे गावकीची खोली. एका खोलीत वीसवीस जण. दिवसपाळीचे उठले की रात्रपाळीचे त्याच जागेवर आडवे व्हायचे. जेवण खानावळीत, महिन्याच्या बोलीवर. खानावळ चालवणाऱ्या बायकांनी गिरणगाव जगवलं. या बायकांची 'अन्नपूर्णा महिला मंडळ' ही संघटना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली उभी केली, तोपर्यंत त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. वरच्या पायरीवर लॉज आणि बोर्डिंग. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात लोकमान्य टिळक मुंबईला आले की उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी तिथेच त्यांनी देह ठेवला. पण गावकीची खोली काय, खानावळ काय नि सरदारगृह काय, सगळी व्यवस्था एकट्या पुरुषासाठी. तिथे 'माणशी किती' हा प्रश्न सरळ होता, कारण माणूस म्हणजे मिशी असलेला, एक ताट आणि एक वळकटी.

मग मध्यमवर्गीय मराठी कुटुंब सुटीत राहायचं कुठे? हा काय प्रश्न झाला? नातेवाइकांकडे! मामा, मावशी, आत्या ही आमची हॉटेलांची साखळी होती. शाखा गावोगाव, आगाऊ आरक्षण नाही, एक पोस्टकार्ड पुरे, आणि तेही आपण पोचल्यावर दुसऱ्या दिवशी पोचलं तरी चालायचं. महिना-महिना मुक्काम पडे. हे फुकट होतं असा आमचा लहानपणीचा समज होता. मामीला कुणी विचारलं नव्हतं. बारा पोरांच्या पोळ्या लाटताना ती मनात कुठला दर लावत असेल, ते तिचं तिलाच ठाऊक.

नातेवाईक नाहीत अशा गावी जाण्याची वेळ आली ती डॉक्टरने 'हवापालट' सांगितला म्हणून. देवळाली, लोणावळा, माथेरान इथल्या सॅनिटोरियमांत स्टोव्ह, डबे, गाद्या, लोणच्याच्या बरण्या घेऊन बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं जात. त्यानंतर आली हॉलिडे होम्स. बँका १९६९ साली सरकारच्या झाल्या आणि आमच्या आळीत बँकेतल्या जावयाचा भाव वधारला. कारण महाबळेश्वरची खोली त्याच्या सहीने मिळायची. अर्ज चार महिने आधी. खोली मिळाल्याचं पत्र आलं की जे नातेवाईक वर्षभर त्या जावयाशी बोलत नसत, तेही "आम्ही जमिनीवर झोपू हो" म्हणत यायचे. चौघांच्या खोलीत अकरा माणसं झोपलेली आम्ही या डोळ्यांनी पाहिली आहेत. रखवालदार आला की दोघं पलंगाखाली जात.

आमची एक समजूत होती, की हा एक्स्ट्रा गादीचा जाच फक्त आपल्या नशिबी. तसं नाही. १९५१ साली अमेरिकेतल्या मेम्फिस गावचे एक बिल्डर, केमन्स विल्सन, बायको आणि पाच मुलांना मोटारीत घालून वॉशिंग्टन बघायला निघाले. वाटेतल्या मोटेलवाल्यांनी खोलीचं भाडं घेतलं ते घेतलंच, वर प्रत्येक मुलामागे दोन डॉलर जादा लावले. पोरं त्याच खोलीत झोपणार आणि दहा डॉलर जादा! आपल्याकडचा माणूस असता तर त्याने घासाघीस केली असती आणि परत आल्यावर वर्षभर सगळ्यांना ते सांगितलं असतं. विल्सनसाहेब परत आले आणि त्यांनी स्वतःचंच मोटेल बांधलं. १९५२च्या ऑगस्टमध्ये ते उघडलं. नियम असा, की आईबापांच्या खोलीत झोपणाऱ्या मुलांचे पैसे नाहीत. नकाशा काढणाऱ्याने एका सिनेमाचं नाव थट्टेने कागदावर लिहिलं होतं, तेच ठेवलं : हॉलिडे इन. पुढे त्याच्या शाखा जगभर झाल्या. दहा डॉलरांच्या रागातून एवढी इस्टेट उभी राहिल्याचं दुसरं उदाहरण आमच्या ऐकण्यात नाही.

थीम पार्कांच्या इतिहासातही मुक्कामाचंच रामायण आहे. वॉल्ट डिस्नेने १९५५च्या जुलैत कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं. पैसे सगळे पार्कात गेले, हॉटेलला उरले नाहीत. म्हणून हॉटेल जॅक रॅदर नावाच्या टीव्ही-निर्मात्याने बांधलं. त्यापाठोपाठ कुंपणाबाहेर मोटेलांची रांग लागली. जत्रा डिस्नेची आणि गल्ला शेजाऱ्यांचा. हे त्याच्या मनाला इतकं लागलं, की पुढच्या वेळी फ्लॉरिडात त्याने खोट्या नावांच्या कंपन्या काढून गुपचूप सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली, म्हणजे कुंपणच कुणाला दिसू नये. ते पार्क १९७१ साली उघडलं तेव्हा दोन हॉटेलं आतच होती. डिस्ने ते बघायला राहिला नाही. १९६६ सालीच गेला. पण तेव्हापासून जगातल्या प्रत्येक बापापुढे एकच प्रश्न आहे : कुंपणाच्या आत राहायचं की बाहेर? आत महाग, पण चार पावलांवर. बाहेर स्वस्त, पण येण्याजाण्यात जीव जातो.

हाच प्रश्न मेहुण्यांनी कागदावर मांडला. पार्काच्या दाराशी हॉटेल होतं. तिथे खोलीत दोन माणसं, तिसरा आला की जादा पलंग. म्हणजे आमच्या तीन खोल्या आणि दोन पलंग. पार्काच्या आत मुलांचं तिकीट उंचीवर. आमच्या चिरंजीवांनी वर्षभरात दुसरं काही केलं नसलं तरी उंची वाढवली आहे. आणि आईचं काय? ती बाकावर बसून जपमाळ ओढणार, त्याचंही तिकीट. मेहुण्यांनी बेरीज केली आणि पेन्सिल खाली ठेवली. कन्येने बेरीज पाहिली आणि, खरं सांगतो, तीच म्हणाली, "आपण समुद्राला जाऊ. लाटांना तिकीट नाही." मुलं मोठी झाल्याचं बापाला असं एखाद्या बेरजेखाली कळतं.

दिवेआगरला जायचं तर एस.टी. बोर्ली पंचतनला नेते. मुंबईहून, पुण्याहून येणाऱ्याला माणगाव, मग म्हसळा, मग घाटाची वळणं आणि बोर्लीचा स्टँड. मेहुण्यांनी इथे मात्र बाजी मारली. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२पासून एस.टी. फुकट, आई गेली. बायकांना मार्च २०२३पासून अर्धं तिकीट, तीन अर्धी. चिरंजीव बाराच्या आत, अर्धा. बाळ पाचाच्या आत, शून्य. पूर्ण तिकिटाची योग्यता कुटुंबात दोघांचीच ठरली, मेहुण्यांची आणि माझी. आठ माणसं चार तिकिटांत! एवढा मोठा विजय आमच्या घराण्यात कुणी मिळवलेला नाही.

पण कुंपणाचा प्रश्न इथेही होताच. बोर्ली म्हणजे बाजारपेठ. स्टँड, दुकानं, बँक, डॉक्टर सगळं तिथे. समुद्र चारपाच किलोमीटरांवर दिवेआगरला. मेहुण्यांना बोर्लीत दुकानामागची खोली मिळत होती, दिवेआगरपेक्षा बरीच स्वस्त. सौ.ने तेव्हा प्रथमच तोंड उघडलं. "समुद्रावर सकाळी जायचं नि संध्याकाळी जायचं. म्हणजे चार फेऱ्या. आठजण एका रिक्षात बसतील का? म्हणजे आठ रिक्षा. रोज." मेहुण्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. आमचं मत विचाराल तर स्वतःची मोटार असेल, लहान मूल आजारी-बिजारी असेल, किंवा पहाटेची गाडी धरायची असेल, तर बोर्ली उत्तम. नाहीतर खोलीत वाचवलेले पैसे रिक्षावाल्याला द्यायचे, एवढाच फरक. त्यापेक्षा शनिवार-रविवार टाळून सोमवारी जावं. तीच खोली, तोच समुद्र, दर मात्र माणसासारखा वागतो.

दिवेआगर तसं आजचं गाव नाही. शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा मराठी ताम्रपट या गावचा आहे. पण हजारभर वर्षं इथे कुणी सहलीला म्हणून आलं नाही. मग १७ नोव्हेंबर १९९७ रोजी एका सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली आणि आत सोन्याचा गणपतीचा मुखवटा. वर्तमानपत्रांत आलं, आणि लोक लोटले. दर्शन झाल्यावर माणसाला भूक लागते. लोक दिसेल त्या घराच्या अंगणात जाऊन विचारू लागले, "काकू, जेवायची सोय होईल का?" काकूंनी भाताला आधण जास्त ठेवलं, उकडीचे मोदक केले. जेवल्यावर माणसाला झोप येते. पडवीत चटई पडली, पुढल्या वर्षी पडवीला भिंती आल्या, त्याच्या पुढल्या वर्षी मागल्या वाडीत दोन खोल्या आणि संडास. सरकारच्या पर्यटन महामंडळाने याला 'न्याहारी व निवास' असं भारदस्त नाव दिलं. मुळात ते होतं उपाध्यायांचं घर आणि मामीची पंगत. फक्त या वेळी मामीला दर ठरवायला मिळाला, एवढीच काय ती सुधारणा. आणि आमच्या मते ती फार मोठी आहे.

आम्ही उतरलो त्या घरच्या काकूंनी हे आम्हाला सुपारी कातरता कातरता सांगितलं. २४ मार्च २०१२ला दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांना मारलं आणि मुखवटा नेला. "त्या साली मे महिन्यात खोल्या झाडून ठेवायची, पण येणार कोण?" चोर सापडले, सोनं मात्र वितळलेलं सापडलं; त्यातून नवा मुखवटा घडवून तो २०२१च्या नोव्हेंबरात बसवला. पण त्याच्या आधी आलं ३ जून २०२०चं निसर्ग वादळ. आधीच टाळेबंदी, पाहुणा नाही. त्यात एका दुपारी वाडी आडवी झाली. श्रीवर्धनी रोठा सुपारी बाजारात नाव मिळवून आहे, पण तिचं झाड धरायला सहासात वर्षं लागतात. नारळ तसाच. "वाडी गेली, तर खोल्यांनी तारलं," काकू म्हणाल्या. "खोल्यांचे पत्रे गेले होते, ते आधी घातले. घराचे नंतर." मेहुण्यांनी रात्री दर कमी करून घेण्याविषयी काही बोलायचं ठरवलं होतं. ते बोलले नाहीत.

काकूंचा हिशेब ऐकण्यासारखा होता. खोलीचे खोलीला. जेवणाचे ताटाला. मुलांचं? "जेवतील तेवढं लिहीन." बाळाचं? "बाळाचं काय लिहायचं, मऊ भातच ना?" आईचं रात्रीचं ताक वहीत नव्हतंच. एस.टी. माणूस वयाने मोजते, पार्क उंचीने, हॉटेल पलंगाने. काकू भुकेने मोजत होत्या. चिरंजीवांचे मोदक मात्र त्यांनी बिनचूक लिहिले होते. अकरा.

निघायच्या दिवशी सकाळी घोटाळा झाला. काकूंनी पाहुण्यांची नावं लिहायची वही काढली आणि आईला विचारलं, "माहेरच्या कुठल्या तुम्ही?" आईने सांगितलं. पुढचा अर्धा तास आम्ही सामान हातात धरून उभे. आईच्या मावशीच्या नणदेला श्रीवर्धनला दिली होती, आणि त्या घरातली सून काकूंच्या आतेबहिणीची जाऊ निघाली. झालं! काकू म्हणाल्या, "माहेरवाशिणीचे पैसे नाही हो घ्यायची मी." आई म्हणाली, "मग मी यायची नाही परत." मेहुणे मधे उभे. व्यवहारात समोरचा पैसे नको म्हणतो आणि आपली बाजू घ्याच म्हणते, असा प्रसंग हिशेबखात्यात येत नाही. शेवटी आईने नोटा लोणच्याच्या बरणीखाली सरकवल्या, आणि काकूंनी त्या न बघितल्यासारखं करून आमच्या पिशवीत सहा नारळ, आमसुलं आणि रोठ्याचा एक पुडा भरला.

बोर्लीहून गाडी सुटली. म्हसळ्यापर्यंत मेहुणे कागदावर काहीतरी मांडत होते. त्यांना नारळ माणशी काढायचे होते, आणि सहा नारळांना किती माणसांनी भागायचं हे त्यांना ठरवता येत नव्हतं.